पाण्यामागून चालत आलेल्या बागा

पुण्यातली कुठलीही जुनी बाग घ्या आणि तिला पाणी कुठून येतं ते शोधा. बागेचा निम्मा इतिहास त्या पाण्याच्या वाटेवरच सापडतो. हा धडा मला माझ्या वडिलांनी दिला. ते महापालिकेत माळी होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. नव्या बागेवर बदली झाली की पहिल्या दिवशी ते रोपांकडे बघायचेच नाहीत. उतार कुठल्या बाजूला आहे, पावसाचं पाणी कुठून शिरतं, कुठे साचतं, नळाला जोर किती वाजता असतो, एवढं पाहून झालं की मग खुरप्याला हात. मी पुढे वनस्पतिशास्त्र शिकले, आयुष्यभर तेच शिकवलं. निवृत्तीनंतर शाळेतल्या मुलांना शहरातल्या बागा दाखवायला नेते, तेव्हा अजूनही आबांच्याच पद्धतीने सुरुवात करते. आधी नकाशा उघडायचा, त्यावर निळ्या रेघा शोधायच्या, आणि हिरवे ठिपके त्यांच्या किती जवळ आहेत ते मुलांनाच सांगायला लावायचं.

कारण साधं आहे. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने हिरवळ टिकवायची तर पाणी अडवावं लागतं, वळवावं लागतं, साठवावं लागतं. म्हणून या गावात आधी तळं, धरण नाहीतर कालवा आला आणि त्याच्या पाठोपाठ बाग आली.

याची सुरुवात कात्रजपासून करायची. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या घाटाखाली आंबील ओढ्यावर बांध घालून तळी केली. तिथून दगडी बांधणीचा, जमिनीखालून जाणारा नळ थेट शहरात आणला. माणूस आत उतरून चालू शकेल एवढी त्याची उंची. हवा खेळती राहावी म्हणून ठिकठिकाणी वर उसासे काढलेले. या नळाने पेठांमधले हौद भरले आणि शनिवारवाड्याला पाणी पोहोचलं. कात्रजचं पाणी निव्वळ उतारावर धावत यायचं, कुठे उपसावं लागत नव्हतं. आबांना या गोष्टीचं फार अप्रूप होतं. कुठल्या माणसाने, कुठल्या साधनाने एवढा बारीक उतार मापला असेल, असं ते पुन्हा पुन्हा विचारायचे.

हाच आंबील ओढा खाली येऊन पर्वतीच्या पायथ्याशी पोहोचतो. पूर्वी तो गावाच्या मधून वाहत मुठेला मिळायचा. पेशवाईत त्याला पश्चिमेकडे वळवलं. पर्वतीवरचं देवदेवेश्वराचं देऊळ १७४९ मध्ये उभं राहिलं आणि पुढच्या काही वर्षांत टेकडीच्या पायथ्याशी ओढ्याचं पाणी अडवून नानासाहेबांनी मोठं तळं केलं. विस्तार सुमारे २५ एकर. तळ्याच्या मधोमध एक बेट राखलं, त्यावर बाग केली, तीच सारसबाग. १७८४ मध्ये सवाई माधवरावांनी बेटावर सिद्धिविनायकाची स्थापना केली. तेव्हा पेशवे स्वतः दहा वर्षांचे होते. आज तळं नसताना पुणेकर या गणपतीला ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात ते यामुळे. तळ्यात होड्या असत. राज्याची मसलत होडीत बसून चाले आणि वल्ही मारायला मराठी न समजणारे हबशी नेमलेले असत, असं सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, पाण्याच्या मधोमध बसून कानगोष्टी करायला यापेक्षा चांगली जागा त्या काळच्या पुण्यात नसणार.

पर्वतीच्या पायथ्याला आणखी एक गोष्ट होती, ती मुलांना सांगितली की त्यांचे डोळे मोठे होतात. पेशव्यांचा शिकारखाना इथे होता, म्हणजे त्यांचा खाजगी प्राणिसंग्रह. त्यात गेंडा होता. हे आपल्याला नेमकं ठाऊक आहे, कारण पुण्याच्याच एका चित्रकाराने तो काढून ठेवला. गंगाराम चिंतामण तांबट हे त्याचं नाव. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी तो काम करायचा. वेरूळची लेणीही त्याने रेखाटली. १७९० च्या नोव्हेंबरात त्याने पेशव्यांच्या गेंड्याचं चित्र काढलं. ते आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. कातडीच्या घड्या, पायाची नखं, डोळ्याभोवतीच्या सुरकुत्या, सगळं समोर बसून पाहिलेलं. पुण्यातल्या प्राणिसंग्रहालयाचा इतिहास सांगताना १९५३ पासून सुरुवात करतात. माझ्या मते ती सुरुवात तांबटांच्या गेंड्यापासून व्हायला हवी.

पेशवाईत बागा पुष्कळ होत्या. तुळशीबागेच्या जागी खरोखरच तुळशीची बाग होती. नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१ च्या सुमारास तिथे रामाच्या देवळाचं काम हाती घेतलं आणि बागेची जागा देवळाने, पुढे बाजाराने घेतली. बेलबाग, मोतीबाग, नातूबाग, रमणबाग, माणिकबाग, विश्रामबाग यांचंही तेच. पण त्या बागा खाजगी. मालक पेशवा, सरदार नाहीतर सावकार. सामान्य माणूस आत जाणार तो कामाला किंवा देवाला. त्यातली एक मात्र वेगळ्या वाटेने गेली. पर्वतीच्या तळ्याकाठी नानासाहेबांनी हिराबाग केली होती. इंग्रजी अंमल आल्यावर तिथे नगरपालिकेचं सभागृह झालं आणि ११ मे १८७८ रोजी न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींनी मराठी लेखकांना तिथे एकत्र बोलावलं. मराठी ग्रंथकारांचं पहिलं संमेलन ते हेच. पेशवाई संपल्यावर साठ वर्षांनी पेशव्याच्या बागेत गावातले लिहिणारे-वाचणारे लोक बसून भाषेवर बोलत होते. खाजगी बाग सार्वजनिक झाल्याचं पुण्यातलं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

सार्वजनिक बाग ही कल्पना तशी सगळ्या जगालाच नवीन होती. इंग्लंडात बर्कनहेडला १८४७ मध्ये सरकारी पैशातून लोकांसाठी बाग उघडली, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचं काम दहा वर्षांनी सुरू झालं, मुंबईची राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली. कारखान्यांच्या गर्दीत माणसाला मोकळी हवा हवी, आणि ती पैसे न मोजता मिळावी, असा तो विचार. पुण्यात कारखाने नव्हते. इथे होती ती लष्कराची छावणी, आणि छावणीला पाणी हवं होतं.

त्यासाठी १८५० मध्ये मुळा-मुठेवर बांध घातला गेला. खर्चाचा मोठा वाटा मुंबईचे दानशूर पारशी व्यापारी सर जमशेटजी जीजीभाई यांनी उचलला. बांधामुळे नदीचं पाणी वर तुंबलं, रुंद शांत डोह तयार झाला आणि त्या काठावर बंड गार्डन आली. नावातच बांध आहे. १८६९ मध्ये शेजारी फिट्झजेराल्ड पूल झाला, त्याच्या टोकांना दगडी सिंह बसवले. बागेचं नाव आज महात्मा गांधी उद्यान आहे, पण रिक्षावाल्याला तसं सांगितलं तर तो एकदा मागे वळून बघतो.

याच काळात खडकवासल्याचं धरण उभं राहत होतं. कर्नल फाइफ यांनी आखलेलं हे दगडी धरण १८७९ च्या सुमारास पुरं झालं आणि मुठेचा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्यावरून, स्वारगेटवरून छावणीला वळसा घालत हडपसरच्या पुढे गेला. दुष्काळी भागाला पाणी द्यावं हा त्याचा मुख्य हेतू. पण जाता जाता त्याने पुण्याच्या पूर्वेला एक मोठी बाग जगवली. रेसकोर्सच्या पलीकडे, कालव्याच्या कडेला एम्प्रेस गार्डन आहे, सुमारे ३९ एकर. मूळची ती सैनिकांसाठी केलेली बाग, म्हणून सोल्जर्स गार्डन. व्हिक्टोरिया राणीने सम्राज्ञी ही पदवी घेतल्यावर तिला एम्प्रेस नाव मिळालं. १८३० साली स्थापन झालेली ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था आजही ती सांभाळते.

एम्प्रेसमध्ये पहिल्यांदा गेलेल्या मुलांना मी काही न बोलता कांचनवेलीखाली उभं करते. वेल म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर जाईजुई येते. इथे वेलीचं खोड माणसाच्या मांडीपेक्षा जाड, जमिनीवर वळसे घेत, एका झाडावरून दुसऱ्यावर चढत गेलेलं. ‘बाई, हे झाड आडवं का पडलंय?’ हा प्रश्न हमखास येतो. दीडशे-दोनशे वर्षं एखाद्या जागेला कुणी हात लावला नाही, पाणी कमी पडू दिलं नाही, तर काय होऊ शकतं ते एम्प्रेसमध्ये दिसतं. पुण्यात नवीन बाग करायला दोन वर्षं पुरतात. अशी वेल करायला कुणाचंच आयुष्य पुरत नाही.

गणेशखिंडीतही अशीच जुनी, जपलेली बाग आहे. तिथे मुंबईच्या गव्हर्नरासाठी पावसाळी निवास बांधला, जो आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. शेजारी १८७३ मध्ये वनस्पती उद्यान सुरू झालं. जॉर्ज मार्शल वुड्रो नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचा प्रमुख होता. हिंदुस्थानातल्या बागकामावरचं त्याचं पुस्तक पुढे कित्येक वर्षं माळ्यांचं आणि साहेबांचं हाताशी ठेवायचं पुस्तक होतं. २०२० मध्ये राज्य सरकारने गणेशखिंडीच्या या बागेला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं.

इथवर मी ‘लोकांसाठी’ हा शब्द वापरत आले. कोणत्या लोकांसाठी, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. कात्रजच्या नळाने भरणारे हौद गावातल्या सगळ्यांना खुले नव्हते. अस्पृश्य मानलेल्या माणसाला त्या पाण्याला हात लावायची मुभा नव्हती. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद सर्वांना खुला केला, तो याच शहरात. आणि ज्या पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांची बाग होती, तिच्यावरच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून १३ ऑक्टोबर १९२९ रोजी शिवराम जानबा कांबळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. लोकांनी दगड खाल्ले, महिनोन्महिने लढले. देऊळ त्यांना तेव्हा उघडलं नाही. ते स्वातंत्र्याच्या आगेमागे उघडलं. मग पुढच्या काही वर्षांत त्याच टेकडीच्या खाली पालिकेची बाग झाली. तिच्या फाटकावर कुणालाही जात विचारली जात नव्हती. आबांसारख्या माणसाला यात केवढं मोल वाटायचं, ते मला फार उशिरा कळलं. रविवारी बागेत येणारी माणसं ते निरखून बघायचे. पेठेतलं कुटुंब, वस्तीतलं कुटुंब, छावणीतलं कुटुंब एकाच हिरवळीवर शेंगा सोलत बसलेलं असायचं. टरफलं गोळा करायचं काम त्यांच्याच माथी यायचं, तरी ते कधी कुरकुरले नाहीत.

पुणे महापालिका १५ फेब्रुवारी १९५० रोजी अस्तित्वात आली. त्याआधी १८५८ पासून नगरपालिका होती, पण बागा करणं हे शहराचं रोजचं काम आहे, असं मानायला सुरुवात झाली ती महापालिकेपासून. १९५३ मध्ये पर्वतीच्या पायथ्याशी पेशवे पार्क हे प्राणिसंग्रहालय सुरू झालं. १९५६ च्या एप्रिलमध्ये तिथे फुलराणी धावू लागली. माझ्या पिढीच्या पुणेकर मुलांचा पहिला रेल्वेप्रवास म्हणजे फुलराणी. बोगद्यात गाडी शिरली की सगळ्यांनी एकदम ओरडायचं, हा नियम कुणी शिकवला नव्हता आणि तो आजही मोडलेला नाही.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्यामागोमाग खडकवासला. नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. आम्ही पर्वतीच्या बाजूला उंचावर राहत होतो म्हणून वाचलो. पाणी ओसरल्यावर माळी, बिगारी, झाडूवाले, सगळ्यांची हजेरी एकाच ठिकाणी लागू लागली आणि काम एकच, गाळ उपसणं. आबा सांगायचे, नदीकाठी हातभर जाडीचा गाळ होता. त्यात भांडी, वह्या, पाळण्याचे कठडे. ते त्याबद्दल दोन-तीन वाक्यांपलीकडे कधी बोलले नाहीत. एक मात्र सांगायचे की पुढच्या वर्षी त्या गाळात जे रुजलं ते असं तरारलं की माळ्यांनाही खत घालायची गरज पडली नाही.

सारसबाग आज जशी दिसते तशी त्यानंतरच्या वर्षांत झाली. पेशव्यांचं तळं विसाव्या शतकात कोरडं झालं होतं. ज्या जागेवर होड्या चालायच्या तिथे हिरवळ करायची, बेटावरचं देऊळ तसंच ठेवायचं आणि त्याच्याभोवती पाण्याचा एक पट्टा राखायचा, अशी आखणी झाली. आबा त्या कामावर होते. तळ्याच्या तळाची माती म्हणजे काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या आणि पावसाळ्यात पाय बाहेर निघायचा नाही. अशा मातीवर हिरवळ धरत नाही. वरून मुरमाड माती, शेणखत, वाळू यांचे थर द्यावे लागले, मधून पाणी निचरायला चर काढावे लागले. दूर्वांची ठोंबं एकेक करून हाताने लावली. पाटाने पाणी द्यायचं तेव्हा दारं धरायला दोघं लागायचे: एक वरचं दार मोडणार, दुसरा खालचं बांधणार. माझ्या हातात पहिलं खुरपं आलं ते याच सुमारास. सुट्टीत डबा द्यायला गेले की आबा म्हणायचे, ‘बस जरा, लव्हाळा उपट.’ लव्हाळ्याची गाठ जमिनीत राहिली तर महिन्यात दहा पाती वर येतात. तो मुळासकट कसा काढायचा हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

आज सारसबागेत येणारे लोक गणपतीला थंडीत स्वेटर-टोपी घातलेली बघायला येतात, देवळाभोवतीच्या पाण्यातली कमळं आणि कासवं बघतात, दिवाळी पहाटेची गाणी ऐकतात, बाहेर चौपाटीवर भेळ खातात. आपण एका तळ्याच्या पोटात उभे आहोत हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. ते यावं म्हणून मी मुलांना देवळाच्या पायऱ्यांवर उभं करते आणि चारी बाजूंना बघायला सांगते. रस्ता वर आहे, हिरवळ खाली आहे. पाणी होतं तेव्हा ते कुठपर्यंत असेल, हे दहा वर्षांचं मूलही बरोबर दाखवतं.

पेशवे पार्कातले प्राणी पिंजऱ्यांत कोंबलेले होते. जागा अपुरी होती. १९९९ मध्ये कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय खुलं झालं आणि २००५ पर्यंत ते सगळे तिथे गेले. तिथे आधीच, १९८६ पासून, नीलिमकुमार खैरे यांनी उभं केलेलं सर्पोद्यान होतं. नवं प्राणिसंग्रहालय १३० एकरांचं, आणि त्यातला जवळपास तिसरा हिस्सा म्हणजे कात्रजचं तळं. नानासाहेबांनी बांधलेलं तेच तळं. खालच्या तळ्याकाठचे प्राणी, त्याच ओढ्याच्या वरच्या तळ्याकाठी गेले. ही योजना कुणी मुद्दाम अशी आखली असेल असं मला वाटत नाही. पुण्यात मोठी हिरवी जागा शोधायला निघालं की पेशव्यांनी अडवलेल्या पाण्यापाशीच जाऊन थांबावं लागतं.

त्या पाण्याची दुसरी बाजू शहराने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पाहिली. ढगफुटीसारखा पाऊस झाला, कात्रजकडून आंबील ओढा भरून आला आणि सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल, या सगळ्या भागांत घरांत शिरला. पुणे परिसरात त्या पावसाने वीसपेक्षा जास्त माणसांचे जीव घेतले. ओढ्याचं पात्र ठिकठिकाणी अरुंद झालेलं, काठावर भिंती आलेल्या, वर स्लॅब टाकलेले. ओढ्याच्या दोन्ही काठांना पंधरा-वीस पावलांचा मोकळा पट्टा असता, त्यात करंज, जांभूळ, उंबर अशी पाण्याकाठची झाडं असती, तर पुराला पसरायला जागा मिळाली असती आणि उरलेलं वर्षभर लोकांना फिरायला. हे स्वप्नरंजन नाही. कोरेगाव पार्कात नाल्याकाठची घाणीने भरलेली सुमारे १२ एकर जागा साफ करून तिथे ओशो तीर्थ ही बाग झालेली आहे. नाला तोच, शहर तेच. नाल्याला गटार मानायचं थांबवलं, एवढंच तिथे वेगळं घडलं.

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यानही कालव्याचंच लेकरू आहे. २००६ मध्ये सुरू झालेली ही १० एकरांची बाग जपानमधल्या ओकायामा शहराच्या मैत्रीतून झाली. तिथल्या कोराकुएन या बागेवरून ती बेतलेली आहे. कोराकुएन १७०० मध्ये पूर्ण झाली, इकेदा घराण्याच्या सरदाराने स्वतःसाठी केली, आणि १८८४ पासून ती लोकांसाठी खुली झाली. १९३४ च्या पुरात आणि १९४५ च्या बॉम्बफेकीत तिची वाताहत झाली, ती जुन्या नकाशांवरून पुन्हा उभी केली. सरदाराची खाजगी बाग, मग लोकांची, मग पूर, मग पुन्हा बांधणी: पर्वतीच्या पायथ्याला वाढलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटतं. पुलंच्या बागेतला झरा खळाळतो तो कालव्याच्या पाण्याने. तिथले माळी झुडपांना गोल आकार देतात तेव्हा त्यांच्या कात्रीकडे बघत मी कितीतरी वेळ उभी राहते. दर वेळी कात्री मारल्यावर दोन पावलं मागे जाऊन ते पुन्हा बघतात.

शहराच्या बागांची यादी आज दोनशेच्या पुढे गेली आहे. आकडा मोठा आहे, पण त्यात सोसायट्यांमधले चिमुकले तुकडेही आले. विकास आराखड्यात बागेसाठी जागा राखून ठेवायची, त्याला आरक्षण म्हणतात. १९६६ च्या आणि १९८७ च्या आराखड्यांत अशी पुष्कळ आरक्षणं होती. जागा राखली म्हणजे बाग झाली असं नाही. जमीन ताब्यात घ्यायला पैसे लागतात, आणि दरम्यान तिथे घरं उठतात नाहीतर आरक्षणच बदललं जातं. १९९७ मध्ये २३ गावं पालिकेत आली, तेव्हा त्यांच्यातल्या टेकड्या जैवविविधता उद्यान म्हणून राखाव्यात असा आग्रह पुणेकरांनी धरला. त्यावर वर्षानुवर्षं वाद झाला आणि २०१५ मध्ये राज्य सरकारने ते आरक्षण मान्य केलं. वेताळ टेकडीवरून रस्ता नेऊ नये म्हणून, बंड गार्डनच्या नदीकाठची झाडं तोडू नयेत म्हणून २०२३ मध्ये हजारो लोक रस्त्यावर आले. हे लोक झाडांसाठी आले असं वर्तमानपत्रांनी लिहिलं. मला त्यात पाण्याची काळजीही दिसते. टेकडीवर पडणारा पाऊस टेकडीतच मुरला तर खालच्या विहिरी आणि ओढे जिवंत राहतात. टेकडी काँक्रीटखाली गेली की तोच पाऊस तासाभरात आंबील ओढ्यात येतो.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. पालिकेच्या बहुतेक बागा दुपारी बंद असतात. सकाळी फिरायला येणारे आणि संध्याकाळी मुलांना घेऊन येणारे, या दोघांच्या सोयीने वेळा ठरल्या आहेत. पण एप्रिलच्या दुपारी सावलीची गरज कुणाला असते? दोन घरांच्या कामांच्या मधल्या वेळेत घरी न जाऊ शकणाऱ्या बाईला. जेवणाच्या पिशव्या पोहोचवत दुचाकीवर फिरणाऱ्या मुलाला. गावाकडून परीक्षेसाठी आलेल्या, खोलीत सहा जणांबरोबर राहणाऱ्या विद्यार्थ्याला. वडाच्या, पर्जन्यवृक्षाच्या खाली बाहेरच्यापेक्षा कितीतरी गारवा असतो, आणि तो गारवा त्या वेळी कुलपाच्या आत पडून राहतो. देखभालीला वेळ हवा, हे मला मान्य आहे. आबांचं सगळं आयुष्य त्या वेळेवरच गेलं. पण पाणी द्यायचं काम पहाटेचं आणि तिन्हीसांजेचं. भर उन्हात पाणी दिलं तर निम्मं वाफ होऊन जातं, हे कुठलाही माळी सांगेल. दुपारी बागेत करायला फार काही नसतं.

मी उद्यानांच्या बैठकांना जाते तेव्हा दोनच मागण्या करते. दुपारी फाटकं उघडी ठेवा, आणि नव्या बागांना प्यायचं पाणी न देता शुद्ध केलेलं सांडपाणी द्या. दुसरी मागणी लोकांना लगेच पटते. पहिलीवर खोलीत शांतता पसरते, मग कुणीतरी सुरक्षेचा मुद्दा काढतं, कुणीतरी जोडप्यांचा. त्यावर मी पर्वतीच्या १९२९ च्या सत्याग्रहाची आठवण करून देते आणि पुन्हा पहिल्यापासून मांडायला लागते.